मुलींमध्ये प्रथम

दहावीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात दोन मथळे ठरलेले असतात. 'कोकण अव्वल' आणि 'यंदाही मुलींचीच बाजी'. सोबत फोटो. पाच-सहा मुली जमिनीपासून हातभर वर, वेण्या त्याहून वर, आणि प्रत्येकीची दोन बोटं विजयाची खूण करून ताठ. निकाल लागतो ऑनलाइन, दुपारी एक वाजता, ज्याच्या त्याच्या घरी, मोबाइलवर, तोही साइट उघडली तर. मग या मुली शाळेच्या पटांगणात एकाच क्षणी उडी कशा मारतात? तर फोटोग्राफरकाका शाळेत फोन करून त्यांना बोलावून घेतात. "एक, दोन, तीन म्हटलं की हं! नाही, ती कडेची खालीच राहिली. परत." असा तो उत्स्फूर्त आनंद सातव्या उडीला टिपला जातो. मुलगे या फोटोत नसतात. त्यांनाही उड्या मारता येतात, पण त्या वेळी ते घरी बाबांच्या 'समोरच्या मुलीला किती पडले?' या प्रश्नाला तोंड देत असतात.

आकड्यांबद्दल वाद घालायला जागाच नाही. 2025 साली राज्यात दहावीच्या 96.14 टक्के मुली पास झाल्या आणि 92.31 टक्के मुलगे. त्याच्या आदल्या वर्षी 97.21 आणि 94.56. 2019 साली भाषांसारख्या विषयांचे शाळेने द्यायचे अंतर्गत गुण काढून घेतले, तेव्हा राज्याचा निकाल धाडकन 77.10 टक्क्यांवर आला. त्या पडझडीत मुली 82.82 वर थांबल्या आणि मुलगे 72.18 वर. म्हणजे त्या गुणांच्या उशीवर कोण जास्त रेलून बसलं होतं, तेही कळलं. (पुढच्या वर्षी उशी परत देण्यात आली.) पण माझं सगळ्यात लाडकं वर्ष 2021. करोनामुळे त्या साली परीक्षाच झाली नाही. नववीचे गुण आणि दहावीचं शाळेतलं मूल्यमापन यांची बेरीज करून निकाल लावला आणि 99.95 टक्के मुलं पास झाली. त्यातही मुली 99.96 आणि मुलगे 99.94! परीक्षेला न बसताही मुली पुढे. दोन शतांश टक्के का होईना, बाजी ती बाजी.

खरं म्हणजे ही गोष्ट आता पंचांगात छापायला हरकत नाही. वैशाखात मुलींची बाजी, ज्येष्ठात वटपौर्णिमा. पण नाही. आपल्याला दरवर्षी नव्यानं आश्चर्य वाटतं, आणि ते आश्चर्य आपण वर्षभर जपून ठेवतो. हे जपण्याचं काम सगळ्यात निष्ठेनं कुठे होत असेल, तर ते मुलींच्या शाळेत. जिथे पाचवीपासून दहावीपर्यंत एकही मुलगा नाही, तिथे.

मी स्वतः मुलींच्या शाळेत शिकले, माझी आई शिकली, आणि आता भाची नववीत आहे. त्यामुळे वार्षिक पारितोषिक वितरण समारंभ या प्रकाराचा आमच्या घराला पिढीजात अनुभव आहे. शाळा कुठली ते सांगत नाही, कारण सांगायची गरज नाही. महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, कन्याशाळेचा मांडव तोच, सनई तीच, आणि 'हॅलो हॅलो माइक चेक' म्हणणारा तो माणूसही बहुधा तोच.

या मांडवात एक अदृश्य मुलगा बसलेला असतो. तो कोणाला दिसत नाही. हजेरीपटावर त्याचं नाव नसतं, फी भरत नाही, परीक्षेला तर बसतच नाही. पण सगळी भाषणं त्याला डोळ्यासमोर ठेवून केलेली असतात. मुली त्याच्या मागे नाहीत, मुली त्याच्या खांद्याला खांदा लावून आहेत, मुली त्याच्या चार पावलं पुढे आहेत. त्या बिचाऱ्याला याची काही कल्पना नसते. तो तिकडे मुलग्यांच्या शाळेत, भाषणं ऐकून कंटाळलेला, मित्राच्या शर्टाच्या पाठीवर पेनानं काहीतरी लिहीत बसलेला असतो. त्याच्या शाळेत कुणी पाहुणा उठून 'मुलगे आज कुठल्याही क्षेत्रात मुलींच्या मागे नाहीत' असं म्हणत नाही. आकडे बघता तिथे ते म्हणायची गरज जास्त आहे, पण म्हणत नाहीत.

या अदृश्य मुलाचं वय बरंच आहे. 1884 साली रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक वगैरे मंडळींनी पुण्यात मुलींचं हायस्कूल काढलं. तीच शाळा पुढे पेशव्यांच्या पागेच्या जागेवरून हुजूरपागा म्हणून ओळखली जाऊ लागली. टिळकांच्या 'मराठा' पत्रातून तेव्हा या शाळेच्या अभ्यासक्रमावर कडक टीका झाली. मुलींना मुलांसारखं शिक्षण कशाला, आणि अकरा ते पाच शाळेत बसल्या तर घरकाम शिकणार कधी, असा साधारण रोख होता. हा दुसरा प्रश्न मात्र मुलींनी चुटकीसरशी सोडवला. त्या अकराच्या आधी आणि पाचच्या नंतर घरकाम करू लागल्या. अजून करतात.

त्याच सुमाराला, त्याच पुण्यात, डेक्कन कॉलेजात कॉर्नेलिया सोराबजी नावाची मुलगी पदवीच्या परीक्षेत सगळ्या मुलग्यांना मागे टाकून पहिली आली. पहिल्या येणाऱ्याला विलायतेला जाऊन शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती होती. ती तिला मिळाली नाही, कारण ती बाई होती. शिष्यवृत्ती ठेवणाऱ्यांनी अशी शक्यताच धरलेली नव्हती. मग विलायतेतल्या काही लोकांनी वर्गणी काढली, ती ऑक्सफर्डला गेली, 1892 साली तिथली कायद्याची परीक्षा देणारी पहिली बाई ठरली, आणि पदवी तिच्या हातात पडली 1922 साली. कारण 1920 पर्यंत ऑक्सफर्ड बायकांना पदव्याच देत नव्हतं. तीस वर्षं निकाल राखून ठेवला होता म्हणा ना. आपण उगाच आपल्या बोर्डाला नावं ठेवतो.

असो. समारंभाकडे येऊ.

पारितोषिक वितरणाचा गाभा म्हणजे अहवालवाचन. हे पर्यवेक्षिकाबाईंचं काम. अहवालात काहीही 'होत' नाही, सगळं 'संपन्न होतं'. वृक्षारोपण संपन्न होतं, पालकसभा संपन्न होते, हळदीकुंकू संपन्न होतं. यश 'उल्लेखनीय' असतं आणि निकालाची परंपरा 'उज्ज्वल'. एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा, हिंदीच्या परीक्षा, राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती असं सगळं क्रमानं येतं. या शेवटच्या परीक्षेत आठवीतली मुलगी पास झाली आणि गुणवत्ता यादीत आली, तर तिला नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. अहवालात याला एक ओळ असते. त्या मुलीच्या घरी त्या ओळीवर चार वर्षं चालतात, पण अहवालाला त्याची लांबी वाढवता येत नाही, कारण मागे 'स्वच्छता पंधरवडा' उभा असतो आणि त्याला दीड पान दिलेलं असतं. पंधरवड्याला अध्यक्षसाहेब हातात झाडू घेऊन उभे राहिले होते ना.

खेळाचा परिच्छेद तर वाचावा तेवढा थोडा. 'आमच्या खो-खो संघाने तालुकास्तरावर उपविजेतेपद पटकावले.' तालुक्यात संघ दोनच उतरले होते, हे अहवालाला माहीत असतं, आपल्याला नसतं. उलट जिथे खरं काही घडलेलं असतं तिथे फक्त 'सहभाग नोंदवला' असतं. जिल्ह्याच्या एका सामन्यात भाचीची मैत्रीण खडीच्या मैदानावर पोटावर सूर मारून गडी बाद करत होती, दोन्ही गुडघे फुटले होते, आणि पुढच्या डावात तीच पहिली उभी राहिली. हे अहवालात कुठे लिहिणार? गुडघ्यांना रकाना नाही. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तो भारताच्या मुलींनी महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली जिंकला. अंतिम सामन्यात नेपाळवर 78-40. तेव्हापासून आमच्याकडच्या पीटीच्या सरांची मान जरा ताठ झाली आहे आणि मैदानावरची खडी वेचून काढण्याचा प्रस्ताव संस्थेच्या विचाराधीन आहे, असं अहवालच सांगतो.

पारितोषिकांचं म्हणाल तर ती जुन्या ठेवींच्या व्याजातून दिली जातात, आणि इथे लेखापालांच्या जिवाशी खेळ होतो. कुणीतरी 1970 च्या आसपास आपल्या आईच्या स्मरणार्थ शाळेकडे 501 रुपये ठेवलेले असतात. तेव्हा ती रक्कम मोठीच होती. सहा टक्क्यांनी त्याचं वर्षाचं व्याज तीस रुपये सहा पैसे. यंदा दोघींना सारखे गुण, म्हणून बक्षीस विभागून: प्रत्येकीला पंधरा रुपये तीन पैसे. पाकीट मात्र एकवीस रुपयांचं, चकचकीत, वर गणपती छापलेला. पाकिटावर नाव, इयत्ता, तुकडी, विषय, गुण, स्मरणार्थ कोण, देणगीदार कोण, एवढं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असतं. ते लिहिणाऱ्या बाईंचा हात त्या आठवड्यात स्वयंपाकालाही चालत नाही.

आणि या ठेवींच्या अटी! त्या देणगीदारांनी हयातीत लिहून ठेवल्यात, त्यामुळे बदलता येत नाहीत. एक आहे, 'पाककलेत प्रावीण्य मिळवणाऱ्या, परंतु गणितातही नापास न झालेल्या मुलीस'. माझी सगळ्यात आवडती मात्र संस्कृतची. त्या सद्गृहस्थांनी बहुधा एखाद्या मिश्र शाळेसाठीचा मसुदा डोळ्यापुढे ठेवला असावा. अट अशी: 'शालान्त परीक्षेत संस्कृत विषयात शाळेतील मुलींमध्ये प्रथम येणाऱ्या विद्यार्थिनीस'. त्यामुळे दरवर्षी निवेदिका खणखणीत आवाजात जाहीर करते, "संस्कृतमध्ये सर्वाधिक गुण मिळवून मुलींमध्ये प्रथम!" आणि मांडव टाळ्या वाजवतो. मुलांमध्ये प्रथम कोण, ते कुणी विचारत नाही. माझ्या शेजारच्या एका आजोबांनी मात्र एकदा काळजीनं विचारलं होतं, "आणि मुलांचं बक्षीस नंतर आहे का?"

बक्षिसात पुस्तक द्यावं की वस्तू, यावरही दरवर्षी शिक्षकखोलीत मतभेद. गेल्या काही वर्षांत वस्तूंचा विजय झाला आहे. स्टीलचा डबा, पाण्याची बाटली, भिंतीवरचं घड्याळ. आमच्या घरी अशी तीन घड्याळं आहेत आणि तिन्ही वेगवेगळी वेळ दाखवतात. पुस्तकं अशी मागे पडलेली बघून मला हटकून मुक्ता साळवे आठवते. फुल्यांच्या शाळेत तीन वर्षं शिकलेली, मांग समाजातली, चौदा-एक वर्षांची मुलगी. 1855 साली 'ज्ञानोदय'मध्ये तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. अवघ्या तीन वर्षांच्या शिक्षणात तिनं पेशवाईपासून धर्मशास्त्रापर्यंत सगळ्यांचा हिशेब मांडला होता. आजच्या शालेय हस्तलिखितात 'पावसाळ्यातील एक दिवस'च्या पुढे कोणी गेलं, तर संपादकबाई मुलीला बाजूला घेऊन म्हणतात, "छान लिहिलंयस गं, पण शेवट जरा सकारात्मक कर."

नंतर सांस्कृतिक कार्यक्रम. इथे तो अदृश्य मुलगा थोडा वेळ दिसतो. मुलींच्या शाळेत पुरुषाची भूमिका म्हणजे मानाची गोष्ट. एकेकाळी मराठी रंगभूमीवर पुरुष शालू नेसून उभे राहायचे आणि बायका बालगंधर्वांची पदराची लकब घरी आरशापुढे गिरवायच्या. कन्याशाळांनी त्या सगळ्याचं उट्टं काढलेलं आहे. इथे शिवाजी मुलगी, अफझलखान मुलगी, मावळे मुली, आणि घोडासुद्धा मुली, पुढचे पाय सहावी अ, मागचे पाय सहावी क. महाराजांची भूमिका उंचीवर मिळते, अफझलखानाची आवाजावर. मिशी मात्र सगळ्यांना एकाच आयब्रो पेन्सिलीनं. आमच्या वेळी काजळाची मिशी असायची आणि दुसऱ्या अंकात ती घामानं हनुवटीपर्यंत उतरायची, त्यामुळे सगळे मावळे शीख दिसायचे.

यंदाचा अफझलखान ही दहावीतली गोळाफेकपटू होती. तिला वाघनखांनी पोटात मारायचं आणि तिनं पडायचं, एवढं ठरलं होतं. पण महाराज आठवीतले, अंगानं बारीक, आणि खानानं मिठी अशी घट्ट मारली की महाराजांचे पाय जमिनीवरून सुटले. प्रेक्षकांत पाचवीच्या मुली "सोडा! सोडा!" म्हणून ओरडायला लागल्या. इतिहास बदलतोय की काय, या भीतीनं पडद्यामागच्या बाई कुजबुजल्या, "पड! मेलीस तू, पड!" खान म्हणाला, "बाई, यांनी अजून वारच केला नाही." माइक चालू होता. या एकाच क्षणी मांडवातल्या संस्थेच्या पदाधिकाऱ्यांसकट सगळे मोकळेपणानं हसले. मग महाराजांनी वार केला, खान व्यवस्थित पडला आणि पडल्यावर पाय झाकायला ओढणी ओढून घेतली.

मंगळागौरीचे खेळ, लेझीम, जोगवा, मग 'बेटी बचाओ'वर मूकनाट्य. मूकनाट्यात दारुडा बाप हवाच असतो. तो करणाऱ्या मुलीला तीनदा 'वन्समोअर' मिळाला.

एक गोष्ट मात्र अहवालात अशी आली की मी कान टवकारले. 'यावर्षी दात्यांच्या सहकार्याने शाळेत मुलींच्या आरोग्यासाठी एक अत्याधुनिक यंत्र बसविण्यात आले.' कसलं यंत्र, ते नाही. उद्घाटनाचा फोटो मात्र नोटीसबोर्डावर होता. एक वयस्कर पदाधिकारी फीत कापताहेत, पण बघताहेत खिडकीबाहेर, आणि यंत्रावर झेंडूच्या माळा अशा घातल्यात की त्यावर काय लिहिलंय ते दिसू नये. सॅनिटरी पॅडचं व्हेंडिंग मशीन होतं ते. पाच रुपयांचं नाणं टाकायचं. भाचीनं सांगितलं, की उद्घाटनाच्या दिवशी त्या साहेबांना प्रात्यक्षिक म्हणून नाणं टाकायला सांगितलं, त्यांनी टाकलं, आणि जे बाहेर आलं ते त्यांनी घाईघाईनं शिपाईमामांच्या हातात दिलं, शिपाईमामांनी मुख्याध्यापकबाईंच्या, बाईंनी पाचवीतल्या एका मुलीच्या. ती म्हणाली, "थँक्यू सर." सगळ्या गोंधळात एकटीलाच काय करायचं ते समजलं होतं.

पाहुण्यांच्या भाषणाबद्दल काय लिहू? व्यासपीठावर सात खुर्च्या, त्यांतल्या सहांवर पुरुष, सातवी मुख्याध्यापकबाईंची. ती बहुतेक वेळ रिकामी, कारण नारळ कमी पडले की माइक शिट्टी मारायला लागला की त्यांनाच उठावं लागतं. समोर हजारभर मुली, सकाळी आठपासून बाक वाहून, सतरंज्या घालून, रांगोळी काढून, स्वागतगीत म्हणून दमलेल्या. पाहुण्यांनी सुरुवात केली, "मुली आज कुठल्याच क्षेत्रात मागे नाहीत." मागच्या रांगेत कुठूनतरी जांभईचा आवाज आला. नंतर यादी. ही यादी मी लहानपणापासून ऐकते आहे. जिजाऊ, अहिल्यादेवी, राणी लक्ष्मीबाई, सावित्रीबाई, इंदिरा गांधी, कल्पना चावला. इंदिराबाईंनंतर बाई थेट अंतराळात जाते, मध्ये कुठे थांबत नाही. हुजूरपागेत शिकलेल्या मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे, पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या अगदी पहिल्या बायकांपैकी एक, या यादीत येत नाहीत. मानववंशशास्त्राला टाळ्या पडत नाहीत. स्कूटरला पडल्या असत्या, पण ते पाहुण्यांना कोणी सांगितलं नसावं.

अलीकडे यादीला सुनीता विल्यम्स जोडल्या गेल्या आहेत. आठ दिवसांसाठी गेल्या आणि नऊ महिन्यांनी परतल्या, यातून पाहुण्यांनी संयमाचा बोध काढला. माझ्या पुढच्या रांगेतल्या आजी मागे वळून म्हणाल्या, "अगं, पण डबा किती दिवसांचा दिला होता?" पूर्ण भाषणात कुणी काही विचार करायला लावलं असेल, तर या प्रश्नानं.

आता खरी बातमी सांगते. समारंभ झाल्यावर भाचीनं मला तिच्या विज्ञानाच्या वहीचं शेवटचं पान दाखवलं. वर लाल स्केचपेननं लिहिलेलं: 'नववी ब चा वार्षिक अहवाल (खरा)'. "मावशी, आईला दाखवू नकोस," अशी अट. आईला दाखवलेलं नाही, फक्त इथे छापते आहे.

अहवालाची सुरुवात पटसंख्येनं. 'वर्गात मुली 58, बाक 26. त्यामुळे सहा बाकांवर तिघी-तिघी बसतात. मधलीला लिहिताना कोपर हलवता येत नाही. मधल्या जागी वर्गातील हुशार मुलींना बसवण्यात येते, म्हणजे त्याचा लाभ दोन्ही बाजूंना समान मिळतो.' पुढे माकडाचा प्रसंग. शाळेमागच्या पिंपळावरच्या माकडानं मधल्या सुट्टीत एका मुलीचा डबा नेला. तिनं पाठलाग करून डबा परत मिळवला. भाजी मिळाली नाही. 'माकडास दोडका आवडतो, हे नवीन संशोधन यंदा वर्गाच्या नावे जमा झाले. विज्ञान प्रदर्शनात ते ठेवू दिले नाही.'

मग गाडीचं. संध्याकाळी पाच-चाळीसची गाडी शाळेच्या थांब्यावर थांबायची नाही. पासवाल्या मुली घोळक्यानं दिसल्या की ड्रायव्हरला पुढचं वळण आठवायचं. त्यावर नववी ब मधल्या गावाकडच्या चार मुलींनी अर्ज लिहिला. मराठीच्या पुस्तकात औपचारिक पत्र असतंच, त्याच नमुन्यात. फक्त 'विषय' आणि 'संदर्भ' खरे होते. दोन महिने काही नाही. तेव्हा त्या चौघी डेपोत जाऊन बाकावर बसून राहिल्या. साहेब जेवायला गेले तरी बसून, चहाला गेले तरी बसून. तिसऱ्या दिवसापासून गाडी थांबते. छापील अहवालात हे 'शाळेच्या पाठपुराव्याने वाहतुकीची समस्या मार्गी' असं एका ओळीत आलं आहे. भाचीच्या अहवालात एक जोडओळ: 'त्या दिवशी चौघींना गैरहजर मांडले. पत्रलेखनात चौघींना पाचपैकी तीन गुण, कारण मायना चुकला.'

आणि पंखा. वर्गातला मधला पंखा वर्षभर इतका हळू फिरायचा की त्याच्या पात्यांवरची धूळ मोजता यायची. अर्ज तीन झाले. शेवटी एका मुलीनं, तिचे वडील वायरमन आहेत, शनिवारी शाळा सुटल्यावर मेन स्विच बंद करून, बाकावर बाक चढवून, कंडेन्सर बदलला. खाली बाक धरायला आठ जणी. कंडेन्सरचे पैसे वर्गातून वर्गणी काढून. पंखा असा सुटला की सोमवारी फळ्याजवळच्या बाईंच्या हातातले पेपर उडाले. हे छापील अहवालात 'लोकसहभागातून शालेय विद्युत दुरुस्ती' या सदरात आलेलं आहे. तो वाचून दाखवताना पाहुण्यांनी मान डोलावली होती, आणि त्यानंतर पाचच मिनिटांनी ते उठून मुलींनी तांत्रिक शिक्षणाकडे वळायला हवं, असं म्हणाले होते. कंडेन्सरवाली त्या वेळी मांडवामागे जनरेटरच्या माणसाशी वाद घालत होती. त्यानं वायर चुकीची जोडली होती आणि तो ऐकत नव्हता.

हे पान बाईंच्या हाती लागलेलंच होतं. विज्ञानाची वही तपासायला गेली तेव्हा शेवटचं पान फाडायचं राहून गेलं. पानाखाली लाल शाईत शेरा आहे: 'विज्ञानाच्या वहीत विज्ञानच लिहावे. शुद्धलेखन सुधारा. दोडक्याचा र्‍हस्व-दीर्घ ठीक आहे.' आणि त्याखाली, जरा घाईत लिहिल्यासारखं: 'शिक्षकखोलीतला पंखाही हळू फिरतो. तिला उद्या मधल्या सुट्टीत पाठव. कंडेन्सरचे पैसे कार्यालयातून मिळतील. पावती आणावी.'